घराची परवल

पूर्वीं घराची सत्ता कोणाच्या हातीं आहे हें ओळखावयास फारशा बारकाईची जरुरी पडत नसे. ज्या बाईच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे, ती घरची खरी मालकीण. कोठीघराची किल्ली, दागिन्यांच्या पेटीची किल्ली, देवघरांतील चांदीच्या उपकरण्यांच्या कपाटाची किल्ली, अशा चारपांच किल्ल्यांचा तो जुडगा सासूच्या कमरेवरून सुनेच्या कमरेवर आला, म्हणजे त्या घरांत एक पिढी मागें सरून दुसरी पुढें आली असें समजावें. त्या हस्तांतराचा मुहूर्त कोणी पंचांगांत पाहत नसे. पण त्याचें महत्त्व घरांतील लहानथोर सर्वांनाच कळत असे.

आज तो जुडगा बहुतेक घरांतून गेला आहे, आणि कित्येक घरीं त्याच्या जागीं दाराशेजारच्या भिंतीवर एक लहानशी पाटी आली आहे. तिच्यावर शून्यापासून नवापर्यंतचे आंकडे, आणि एक तांबडा व एक हिरवा दिवा. बाहेर पडतांना चार आंकडे दाबावयाचे, आणि परत आल्यावर पुन्हां तेच दाबावयाचे. आंकडे चुकले तर कर्णा असा कांहीं आक्रोश करूं लागतो, कीं शेजारचीं माणसें घाबरून अंगणांत येऊन उभीं राहतात. मुंबई-पुण्याची ही चाल आतां वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या गांवींहि येऊं लागली आहे, आणि तिचें कारण उघड आहे. मुलें पुण्यास, बंगळुरास अथवा अमेरिकेंत, आणि घरीं दोन वृद्ध माणसें. मुलगा दिवाळीला येतो, आईवडिलांच्या काळजीनें हें यंत्र बसवून देतो, आणि सुटी संपतांच निघून जातो. यंत्र भिंतीवर राहतें; पण त्या चार आंकड्यांचें करावयाचें काय, ते कोणाला सांगावयाचे, केव्हां बदलावयाचे आणि विसरल्यास काय करावयाचें, याचा विचार घरांत एकत्र बसून कोणी केलेला नसतो. तो विचार आमच्या वाचकांच्या घरोघरीं व्हावा, एवढ्यासाठींच हा लेखनप्रपंच.

परवल आपल्याला नवी नाहीं

'परवलीचा शब्द' हा प्रयोग आपल्या भाषेंत पहाऱ्यांवरून आणि छावण्यांवरून आलेला आहे. अंधारांत येणाऱ्या माणसाचा चेहरा पहारेकऱ्याला दिसत नसे. म्हणून तो शब्द विचारी. शब्द बरोबर आला तर माणूस आपला. चुकला तर परका. या साध्या योजनेंत शहाणपणाच्या दोन गोष्टी होत्या. एक ही, कीं परवल वरचेवर बदलावयाची असते. कालचा शब्द आज चालतां कामा नये. दुसरी ही, कीं ज्याला दारांतून जावयाचें आहे त्यालाच ती सांगावयाची असते. आज आपण यंत्र घरांत आणलें, पण हीं दोन्ही तत्त्वें मात्र दाराबाहेर ठेवलीं. कारागिरानें पहिल्या दिवशीं घातलेला अंक पांच पांच वर्षें तसाच राहतो, आणि घरच्यांबरोबर तो दूधवाल्यालाहि पाठ झालेला असतो!

इतिहासांतील आणखी एक गोष्ट येथें आठवण्यासारखी आहे. ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीं शिवाजीमहाराजांनीं पुण्याच्या लाल महालांत शिरून शाएस्तेखानावर छापा घातला. खानाच्या भोंवतीं फौज होती, चौक्या होत्या, पहारे होते. तरीहि महाराजांचीं माणसें शहरांत शिरलीं, आणि तीं लग्नाच्या वरातीच्या मिषानें शिरलीं असें परंपरेनें सांगितलें जातें. खानाच्या बाजूनें पाहिलें तर त्या रात्रीचा धडा असा, कीं पहारा दुबळा ठरतो तो नेहमींच तट फुटल्यामुळें नव्हे. येणाऱ्याला 'हा आपलाच' असें समजून वाट दिल्यामुळेंहि ठरतो. आपल्या घरीं लग्नकार्य निघालें, आणि मंडपवाले, आचारी, बिछायतवाले व पन्नास पाहुणे यांची ये-जा सुरू झाली, म्हणजे ही गोष्ट मनांत ठेवावी.

घंटेची आणि अंकाची जन्मकथा

विजेवर वाजणारी चोरघंटा ही आजकालची वस्तु नव्हे. अमेरिकेंत बोस्टनजवळील सॉमरव्हिल गांवच्या ऑगस्टस रसेल पोप या गृहस्थांनीं १८५३ सालीं तिचें पेटंट घेतलें. दारें व खिडक्या तारेनें जोडलेल्या असत. दार उघडतांच विजेचें मंडळ पुरें होई आणि घंटा वाजूं लागे. पुढें एडविन होम्स यांनीं ते हक्क विकत घेऊन त्याचा मोठा धंदा उभारला. आपल्याकडे अर्देशिर गोदरेज यांनीं मुंबईस कुलुपांचा कारखाना काढला तो १८९७ सालीं. म्हणजे आपल्या देशांत कुलुपांच्या त्या प्रसिद्ध कारखान्याचा जन्म होण्यापूर्वींच परदेशांत चोरघंटा चाळीस वर्षांची होऊन गेली होती.

आमच्या वाचकभगिनींना विशेष आवडेल अशी हकीकत मात्र पुढचीच आहे. न्यूयॉर्क शहरांत मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नांवाची एक परिचारिका राहत असे. तिच्या कामाच्या वेळा अवेळीं असत, पतीच्याहि तशाच. घरीं पुष्कळदां ती एकटी असे, आणि बोलावल्यावर पोलीस वेळेवर येतील असा भरंवसा नव्हता. तिनें पतीच्या मदतीनें दाराच्या छिद्रांतून बाहेरचा माणूस पडद्यावर दाखविणारी, त्याच्याशीं आंतूनच बोलतां येणारी आणि कळ दाबतांच मदत मागणारी योजना तयार केली. १९६६ सालीं तिनें अर्ज केला, आणि १९६९ च्या डिसेंबरांत पेटंट मिळालें. आज घरोघरीं दाराशीं दिसणाऱ्या कॅमेऱ्याच्या मुळाशीं अशी एका कष्टाळू स्त्रीची भीति आणि बुद्धि आहे.

अंकाचें मूळ बँकांत आहे. यंत्रासाठीं गुप्त अंक वापरण्याच्या कल्पनेचें पेटंट स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांनीं १९६६ सालीं मागितलें. पुढील वर्षीं, २७ जून १९६७ रोजीं, लंडनच्या एन्फील्ड भागांत बार्क्लेज बँकेनें पैसे देणारें यंत्र सुरू केलें. तें घडविण्याच्या कामाचे प्रमुख जॉन शेफर्ड-बॅरन हे जन्मानें आपल्या शिलाँगचे. त्यांना आपला लष्करांतील सहा आंकडी क्रमांक पाठ होता. म्हणून गुप्त अंकहि सहा आंकड्यांचा असावा असें त्यांच्या मनांत होतें. परंतु त्यांच्या पत्नी कॅरोलाइनबाई यांनीं, आपल्या लक्षांत चारच आंकडे राहतील असें स्पष्ट सांगितलें, आणि तेथून चार आंकड्यांची चाल पडली, असें ते पुढें सांगत असत. गृहिणीच्या स्मरणशक्तीचें माप यंत्राला लावावें, यंत्राचें माप गृहिणीला लावूं नये, हें तत्त्व त्यांत आहे. तें आपण पुढें उपयोगी पाडूं.

सेवाग्रामचा चष्मा

वर्ध्याहून सुमारें आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. गांधीजी १९३६ सालीं या गांवीं राहावयास आले, आणि माती, बांबू व कौलें यांच्या साध्या कुटींत त्यांनीं आपलें बिऱ्हाड मांडलें. त्यांच्या वापरांतील मोजक्या वस्तु तेथें जपून ठेवलेल्या आहेत. त्यांपैकीं त्यांचा चष्मा नाहींसा झाल्याची बातमी २०११ च्या जून महिन्यांत जगभर पसरली, आणि प्रत्येकाला हळहळ वाटली. चष्मा प्रत्यक्षांत त्याच्या कित्येक महिने आधींच गेला होता, हेंहि तेव्हांच लोकांना कळलें. ज्या स्थानाचा धर्मच दार उघडें ठेवण्याचा, तेथें किल्ल्याचा बंदोबस्त कोणी करावा असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु संसारी माणसानें यांतून एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. वस्तु जाणें आणि ती गेल्याचा बोभाटा होणें, या दोहोंमध्यें जितके दिवस जातात तितका तपास अवघड होत जातो. गजराचें खरें काम चोराला अडविणें हें नव्हेच. तें कुलुपाचें आणि कडीचें काम आहे. गजराचें काम एकच: घडलें तें घडलें त्याच क्षणीं सांगणें.

शांतिनिकेतनाची कथा याहून जिव्हारीं लागणारी आहे. २००४ च्या मार्च महिन्यांत तेथील संग्रहालयांतून रवींद्रनाथांचें नोबेल पदक आणि इतर कित्येक वस्तु चोरीला गेल्या. साप्ताहिक सुटीनंतर, २५ मार्च रोजीं, दार उघडल्यावर तें ध्यानांत आलें. नोबेल संस्थेनें पुढें पदकाच्या प्रतिकृति दिल्या; पण मूळ तें मूळच. सुटीच्या दिवशीं घर आपोआप राखलें जातें अशी जी आपली समजूत असते, तिची किंमत येथें दिसून येते.

आणि पॅरिसच्या लूव्र संग्रहालयाची तऱ्हा पहा. १९ ऑक्टोबर २०२५ रोजीं भर सकाळीं चोरांनीं उंच शिडीच्या गाडीवरून खिडकींतून शिरून कांहीं मिनिटांत सुमारें ८ कोटी ८० लक्ष युरो किंमतीचे राजघराण्याचे अलंकार पळविले. त्यानंतर वृत्तपत्रांनीं जुने अहवाल बाहेर काढले, तेव्हां असें दिसलें, कीं २०१४ सालच्या सरकारी तपासणींत तेथील कॅमेऱ्यांच्या यंत्रणेचा परवलीचा शब्द 'लूव्र' हाच आढळला होता! ही चोरी त्या शब्दामुळें झाली असें नव्हे. चोर खिडकी फोडूनच आले. पण जगांतील सर्वांत मोठ्या संग्रहालयानें आपल्याच दारावरचें नांव परवल म्हणून वापरावें, आणि आपण मात्र 'आमच्या घरीं एवढा विचार कोण करतो' म्हणून घराचा नंबरच अंक म्हणून ठेवावा, यांत फरक तो काय?

यंत्राचे अवयव आणि अंकांच्या जाती

आतां प्रत्यक्ष यंत्राकडे वळूं. त्याचा मेंदू म्हणजे एक पेटी. ती बहुधा आंतल्या खोलींत असते. दारांच्या फळ्यांवर लहान लोहचुंबक आणि चौकटीवर त्याचा जोडीदार असतो. दोघांत अंतर पडलें कीं पेटीला वर्दी जाते. खोलीच्या कोपऱ्यांत एक पांढरा डोळा असतो. तो माणसाच्या अंगच्या उष्णतेची हालचाल ओळखतो. बाहेर कर्णा, आंत बॅटरी, आणि दारापाशीं आंकड्यांची पाटी. घर रिकामें असतांना सगळेच सेन्सर जागे ठेवावयाचे. रात्रीं घरांत माणसें झोंपलेलीं असतांना केवळ दारें-खिडक्यांचे जागे ठेवावयाचे, म्हणजे मध्यरात्रीं पाणी प्यावयास उठलेल्या आजोबांना चोर समजून यंत्र ओरडणार नाहीं. हे दोन प्रकार घरांतील प्रत्येकानें समजून घ्यावेत.

अंकांच्याहि जाती आहेत, आणि घोटाळा सगळा त्या न कळल्यामुळें होतो. पहिला मुख्य अंक. त्यानें यंत्र बंद-चालू तर होतेंच, पण इतरांचे अंक घालणें, बदलणें व काढणेंहि त्यानेंच होतें. दुसरे घरच्या माणसांचे अंक; त्यांनीं यंत्र बंद-चालू होतें, पण दुसऱ्याच्या अंकाला हात लावतां येत नाहीं. तिसरा पाहुण्याचा अंक; तो ठराविक दिवसांपुरता द्यावा आणि काम होतांच काढून टाकावा. चौथा कारागिराचा अंक. यंत्राच्या आंतल्या रचनेंत शिरावयाची ती वाट आहे. कारखान्यांतून येतांना यांपैकीं पुष्कळ अंक १२३४ किंवा ००००, असे ठराविकच असतात, आणि ते यंत्राबरोबरच्या पुस्तिकेंत छापलेले असतात. म्हणून यंत्र बसवून झालें कीं कारागीर घरीं असतांनाच, त्याच्यासमक्ष, कारखान्याचे सगळे अंक बदलले गेले आहेत ना हें विचारावें, आणि तो गेल्यावर मुख्य अंक आपण स्वतः पुन्हां बदलावा. त्यांत त्याचा अपमान नाहीं. सुज्ञ कारागीर स्वतःच तसें सुचवितो.

पांचवी जात संकटाच्या अंकाची. सगळ्याच यंत्रांत ती नसते. असल्यास अवश्य लावून घ्यावी. चोरानें धाक घालून 'बंद कर' म्हटलें, तर हा अंक दाबावा. कर्णा नेहमींसारखा गप्प बसतो, चोराचें समाधान होतें. पण मुलाच्या मोबाइलवर किंवा ठरविलेल्या ठिकाणीं गुपचूप हांक जाते. हांक गेल्यावर ती घेणारानें काय करावयाचें, हेंहि आधींच ठरलेलें असावें. अमेरिकेंतील मुलगा वर्ध्याच्या मध्यरात्रीं कामावर असतो. तो स्वतः धांवून येऊं शकत नाहीं. म्हणून पहिली हांक शेजारच्या विश्वासू घरीं जावी, आणि तेथून पोलिसांच्या ११२ या क्रमांकावर. परदेशांतून ११२ लावल्यास तो वर्ध्याला लागत नाहीं. यास्तव आपल्या पोलीस ठाण्याचा थेट क्रमांक मुलांनीं जवळ बाळगावा.

अंक कोणता निवडावा

चार आंकड्यांचे एकूण १०,००० अंक होतात. ही संख्या मोठी वाटते. पण माणसें ती आपल्या हातानें लहान करितात. २०१२ सालीं निक बेरी या अभ्यासकानें उघड्यावर आलेल्या सुमारें ३४ लक्ष चार-आंकडी अंकांची छाननी केली. त्यांत १२३४ हा एकच अंक जवळजवळ ११ टक्के माणसांचा होता! वाढदिवसाचा दिवस व महिना घेतला, तर १०,००० ऐवजीं केवळ ३६६ अंक उरतात. आणि आपल्या घरांतले वाढदिवस तर सगळ्या आळीला ठाऊक असतात. जन्मसाल घेतलें तर तें सुमारें शंभरांतलें एक. गाडीचा क्रमांक दारांतच उभा असतो, आणि मोबाइलचे शेवटचे चार आंकडे सर्वांजवळ असतात. हीं सगळीं टाळावींत.

आणखी एक बारीक गोष्ट. तेच चार आंकडे वर्षानुवर्षें दाबल्यानें पाटीवरच्या त्या कळा झिजून गुळगुळीत होतात. चार निरनिराळ्या कळा झिजलेल्या दिसल्या, तर अंक शोधणाराला २४ च प्रकार करून पाहावे लागतात. पाटी अधूनमधून ओल्या फडक्यानें पुसावी, आणि अंक बदलीत राहावें, म्हणजे सगळ्याच कळा सारख्या झिजतील. यंत्रास सहा आंकडे चालत असतील तर दहा लक्ष अंक हातीं येतात. पण येथें कॅरोलाइनबाईंची आठवण ठेवावी. जो अंक आजींच्या लक्षांत राहणार नाहीं तो शेवटीं कागदावर उतरतो, आणि तो कागद पाटीशेजारच्या दिनदर्शिकेवरच टांचला जातो. त्यापेक्षां चारच, पण नीट निवडलेले आंकडे बरे. आजींना त्यांच्या लहानपणच्या एखाद्या गोष्टीवरून अंक बांधून द्यावा. शाळेच्या वाटेवरचीं झाडें, माहेरच्या वाड्याच्या पायऱ्या, अशा ज्या संख्या इतर कोणाला ठाऊक नाहींत त्या त्यांना कधीं विसरत नाहींत.

चोरीपेक्षां संशय वाईट

एकत्र कुटुंबांत एकच अंक सर्वांनीं वापरण्याचा सर्वांत मोठा तोटा चोरीचा नाहीं. तो संशयाचा आहे. कल्पना करा, कीं घरांत मुंज झाली, पाहुणे पांगले, आणि मोठ्या काकूंच्या कपाटांतील पाटल्यांचा जोड दिसेनासा झाला. अंक किती जणांना ठाऊक? घरच्या अकरा माणसांना, धुणींभांडीं करणाऱ्या बाईला, आचाऱ्याला, आणि कोणाकोणाला सांगितला तें आतां कोणाला आठवतहि नाहीं. मग पहिली नजर वळते ती वीस वर्षें घरीं राबलेल्या त्या बाईकडे. ती बिचारी शपथा घेते. पण शपथेला पुरावा कोण म्हणतो? दुसरी नजर वळते नुकत्याच आलेल्या धाकट्या सुनेकडे; उघड कोणी बोलत नाहीं, पण स्वयंपाकघरांतलें बोलणें ती येतांच थांबतें. तीन महिन्यांनीं पाटल्या जुन्या शालूच्या घडींत सांपडतात. पाटल्या मिळतात, गेलेली बाई परत येत नाहीं, आणि सुनेच्या मनांतला कांटाहि निघत नाहीं.

अशा वेळीं प्रत्येकाचा अंक वेगळा असता, तर यंत्राच्या आंतील नोंद उघडून पाहतां आली असती. कोणत्या अंकानें, किती वाजतां, यंत्र बंद झालें तें तींत लिहिलेलें असतें. कामवाल्या बाईंचा अंक त्या दिवशीं सकाळीं त्यांच्या नेहमींच्या वेळींच वापरला गेला, आणि त्या वेळीं घर माणसांनीं भरलेलें होतें, एवढें दिसलें तरी एका गरीब बाईची अब्रू वांचली असती. म्हणून वेगळा अंक देणें हा अविश्वास नव्हे. तो निर्दोष माणसाला दिलेला साक्षीदार आहे. अंक देतांना त्या बाईंना हें असेंच समजावून सांगावें. 'तुमच्यावर नजर ठेवण्यासाठीं नाहीं, तुमच्यावर आळ येऊं नये म्हणून', असें म्हटलें कीं कोणीहि समजूतदार माणूस तो अंक जपून वापरतो.

मात्र ही नोंद दुधारी आहे. साक्षीदार खरें बोलतो तो प्रत्येकानें आपला अंक आपल्यापाशींच ठेवला तर. भाच्याला घाईंत आपला अंक सांगितला, कीं पुढची नोंद आपल्या नांवावर. आणि दुसरें, याहून महत्त्वाचें: ती वही चोर शोधण्यासाठीं आहे. सूनबाई माहेराहून किती वाजतां परतल्या, कॉलेजांतल्या मुलीला संध्याकाळीं किती उशीर झाला, दीरांनीं दुपारीं दार कां उघडलें, हें मोजण्यासाठीं ती नव्हे. ज्या घरांत रोज रात्रीं सासूबाई किंवा परदेशांतले मोठे चिरंजीव मोबाइलवर ती नोंद वाचीत बसतात, त्या घरांत चोर न येतांहि कांहींतरी चोरीला गेलेलें असतें. वाजवी कारणाशिवाय नोंद पाहावयाची नाहीं, आणि पाहावयाची ती दोघांच्या समक्ष, असा नियम घरांत उघड बोलून करावा.

मुख्य अंक कोणाकडे असावा, हा त्याच्याच मागचा प्रश्न. तो एकट्या वडीलधाऱ्या पुरुषाकडे किंवा यंत्र विकत घेणाऱ्या मुलाकडेच असणें बरें नव्हे. घर जी चालविते तिच्याकडेहि तो असावा. कुटुंबप्रमुख एकाएकीं आजारी पडले, किंवा वारले, तर दुःखाच्या त्या दिवसांत मागें राहिलेल्या माउलीला आपल्याच घरांत शिरावयास कारागिराची वाट पाहावी लागावी, यासारखी लाज दुसरी नाहीं. मुख्य अंक हरवल्यास कित्येक यंत्रें मुळापासून पुन्हां बसवावीं लागतात. म्हणून तो एका बंद लिफाफ्यांत घालून, वर तारीख लिहून, मृत्युपत्र व विम्याच्या कागदांबरोबर ठेवावा, आणि अंक बदलला कीं लिफाफाहि बदलावा.

वऱ्हाड-नागपूरकडच्या उन्हाचा विचार

आमच्या भागाची एक अडचण यंत्राच्या पुस्तिकेंत ठळकपणें सांगितलेली नसते. उष्णता ओळखणारा तो पांढरा डोळा, माणसाचें अंग आणि मागची भिंत यांच्या उष्णतेंतील फरकावर चालतो. वैशाखांत वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो; बंद घराच्या आंतील हवा माणसाच्या अंगाइतकी, म्हणजे ३७ अंशांच्या जवळपास तापली, कीं त्या डोळ्याला माणूस नीट दिसेनासा होतो. आणि हीच वेळ आपण घर बंद करून लग्नांना व मुलांकडे जाण्याची! म्हणून नुसत्या त्या डोळ्यावर विसंबूं नये. दारें-खिडक्यांवरचे चुंबक हवेतच, कारण त्यांना उन्हाचें भय नाहीं. पावसाळ्यांत पाल किंवा कीटक डोळ्याच्या अगदीं तोंडावर फिरल्यानें खोटा गजर होतो. तो भाग महिन्यांतून एकदां झाडून पुसावा.

वीज गेल्यावर यंत्र बॅटरीवर चालतें; पण ही बॅटरी कायमची नसते. साधारणपणें तीन ते पांच वर्षांत ती बदलावी लागते, आणि उन्हानें ती लवकर थकते. वर्षांतून दोनदां मुख्य वीज बंद करून यंत्र किती वेळ तग धरतें तें पाहावें. दार उघडल्यापासून अंक दाबण्यास बहुधा तीस ते साठ सेकंदांची मुदत असते. ती वाढवितां येते हें पुष्कळांना ठाऊक नसतें. गुडघेदुखीच्या माणसाला चपला काढून पाटीपर्यंत पोंचावयास वेळ लागतो. त्याप्रमाणें ती ठरवून घ्यावी. खोट्या गजरांचा सर्वांत मोठा अपाय असा, कीं चारदां कर्णा उगाच ओरडला म्हणजे पांचव्या खेपेस शेजारी खिडकींतूनहि डोकावत नाहींत. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण मुलांना सांगतों. ती यंत्रालाहि लागू आहे.

शेवटीं एक सूचना. 'आम्ही कंपनींतून बोलतों, तुमच्या यंत्राचा अंक तपासावयाचा आहे', असा फोन आला तर गोड शब्दांत नकार द्यावा. खरा कारागीर अंक विचारीत नाहीं. तो घरीं येतो, आणि अंक आपण आपल्या हातानें दाबतों. फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावें. तेथेंहि उशीर हाच शत्रु.

हें सगळें वाचून कोणाला वाटेल, कीं एवढी खटपट करावयाची कधीं? त्याला सण पुरेसे आहेत. गुढीपाडवा आणि दसरा, असे वर्षांतून दोन दिवस यासाठीं राखून ठेवावे. दसऱ्याला आपण शस्त्रें व अवजारें पुसून पुजतों. त्याच दिवशीं दाराशेजारची ही पाटीहि पुसावी. घरांतील सगळीं माणसें एकत्र असतांना, कोणाचा अंक ठेवावयाचा, कोणाचा काढावयाचा, शेजारीं कोणाला कळवावयाचें, हें बोलून घ्यावें. मग प्रत्येकानें एकेकटें जाऊन आपला नवा अंक घालावा. अंक गुप्त असावेत. पण ते कोणाला कां दिले याची बोलणीं सर्वांसमक्ष व्हावींत. ज्या घरांत हें असें उघडपणें बोलतां येतें, तेथें परवल राखणें मुळींच कठीण जात नाहीं.